शेतावरची १ किलोवॅटची पवनचक्की: विदर्भाच्या वाऱ्यात किती चालते?

कृषी प्रदर्शनाच्या मंडपात झटका मशीन आणि फवारणी पंपांच्या रांगेत आता छोटी पवनचक्कीही मांडलेली दिसते. फलकावर फोटो मात्र समुद्रात उभ्या असलेल्या अजस्र पवनचक्क्यांचा, आणि तेच तंत्र तुमच्या वावरात आणून देतो असा दावा. फोटोतलं यंत्र खरंच कामाचं आहे. फोटोखाली ठेवलेलं यंत्र मैदानी विदर्भात, म्हणजे वर्धा, यवतमाळ, अकोला, अमरावतीचा सपाट भाग, नागपूर, भंडारा या पट्ट्यात, त्याच्या किमतीला जागत नाही. ५ पैकी दीड गुण. अर्धा गुण कुठून आला ते पुढे येईल.

संच साधारण असा असतो. फायबरची ३ पाती, फिरताना होणाऱ्या वर्तुळाचा व्यास २.८ मीटर. मागे कायम चुंबकाचा जनरेटर आणि तोंड वाऱ्याकडे वळवणारं शेपूट. ९ मीटरचा लोखंडी पाइप, त्याला ताणाचे ४ दोर. खाली वारा आणि ऊन दोन्हींची वीज बॅटरीत भरणारा हायब्रिड कंट्रोलर, जादा वीज जाळून टाकणारा डम्प लोड, १२ व्होल्टच्या ४ ट्युब्युलर बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट, इन्व्हर्टर, आणि सोबत बहुतेक वेळा २ सोलर पॅनल. नाव बदललं, रंग बदलला तरी ठेवण हीच. म्हणून हा आढावा एका ब्रँडचा नाही, या जातीच्या संचाचा आहे.

आता लेबलावरचे १,००० वॅट. हा आकडा खोटा नसतो, पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात वाऱ्याचा वेग लिहिलेला असतो: ११ मीटर प्रति सेकंद, कुठे १२. ११ मीटर म्हणजे ताशी ४० किलोमीटर. एवढा वारा आपल्याकडे सुटला की माणसं पत्र्यावर दगड ठेवायला धावतात. आणि वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात चालते. वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. ११ मीटरला १,००० वॅट देणारं यंत्र साडेपाच मीटरला १२५ वॅट देतं आणि पावणेतीन मीटरला १६ वॅट. त्या १६ वॅटमधूनच बेअरिंगचं घर्षण आणि एसी विजेची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरचा तोटा भागवायचा.

मैदानी विदर्भात १० मीटर उंचीवर वाऱ्याची वर्षाची सरासरी बहुतेक गावांत सेकंदाला ३ मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. सरासरी ३ म्हणजे कधी शून्य, कधी ६, हा चढउतार धरला आणि यंत्राची कार्यक्षमता उदार मनाने मोजली तरी हाती दिवसाला अर्धं ते पाऊण युनिट येतं. ३ एचपीचा पंप तेवढ्यावर पंधरा मिनिटं चालतो. दुसरीकडे ५४० वॅटचं एकच पॅनल आपल्या उन्हात वर्षाच्या सरासरीने दिवसाला २ युनिटच्या घरात देतं, आणि त्यात फिरणारा एकही भाग नाही.

यात उन्हाळ्याची वजावट वेगळी. लेबलावरचे आकडे समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या हवेवर काढलेले असतात. मे महिन्यात ४५ अंशाला, नागपूरच्या ३०० मीटर उंचीवर, हवा त्यापेक्षा सुमारे १३ टक्के विरळ असते. वीजही तेवढीच कमी.

मग समुद्रातली पवनचक्की चालते कशी? तिथे दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली, वारा. पाण्यावर झाड नाही, घर नाही, टेकडी नाही, त्यामुळे वारा अडत नाही, गिरक्या घेत नाही. गुजरातसमोर खंभातच्या आखातात वाऱ्याची सरासरी उंचावर ७ ते ८ मीटरच्या दरम्यान भरते, तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ त्याहूनही जास्त. ३ च्या जागी साडेसात मीटर म्हणजे वेग अडीचपट, पण दर चौरस मीटरमागे ताकद १५ पट. दुसरी गोष्ट आकार. सीमेन्स गमेसा कंपनीच्या १४ मेगावॅटच्या समुद्री पवनचक्कीचं एक पातं १०८ मीटर लांब आणि वर्तुळाचा व्यास २२२ मीटर. ते वर्तुळ जमिनीवर आखलं तर साडेनऊ एकर होतं. मंडपातलं यंत्र वारा पकडतं सव्वासहा चौरस मीटरवर, तीन-साडेतीन बाजा शेजारी टाकल्या तर व्यापतात तेवढ्या जागेवर. तंत्र एकच आहे, तसं बैलबंडी आणि मालगाडी दोन्हींना चाकंच असतात.

आकार वाढवणंही एका रात्रीत झालेलं नाही. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला समुद्रात पहिल्या ११ पवनचक्क्या उभ्या केल्या त्या प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या. त्या २०१७ मध्ये उतरवल्या. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापुढचा हॉर्नसी-२ हा २०२२ मध्ये पूर्ण झालेला प्रकल्प १६५ पवनचक्क्यांचा, एकेक ८ मेगावॅटची. भारताने समुद्री पवन ऊर्जेचं धोरण २०१५ मध्ये आणलं, २०१७ मध्ये खंभातच्या आखातात लायडार, म्हणजे लेझरने वारा मोजणारं यंत्र, बसवला, आणि जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटी रुपयांची तूट भरपाई योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूसमोर ५००-५०० मेगावॅट, शिवाय बंदरांच्या सुधारणेला ६०० कोटी. ही वीज कधीकाळी आपल्या डीपीपर्यंत आली तर ग्रिडमधून येईल. चंद्रपूरच्या कोळशाची वीज १९९९ पासून ५०० केव्हीच्या ७५२ किलोमीटर तारेने मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत जातेच आहे, तशी. समुद्राचा वारा वावरात आणण्याचा रस्ता तो. ९ मीटरच्या पाइपातून तो येत नाही.

आता अर्ध्या गुणाबद्दल. जून ते ऑगस्ट वारा सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं. विक्रेते हायब्रिड संचाचं हे गणित सांगतात आणि ते चुकीचं नाही. जुलैत सरासरी साडेचार मीटर मिळत असेल अशा उघड्या जागी हे यंत्र दिवसाला २ युनिटपर्यंत देऊ शकतं, तेही रात्री. अडचण पुढे आहे. दसऱ्यानंतर वारा पडतो. नोव्हेंबर ते जानेवारी, हरभरा-गव्हाच्या ओलिताचे आणि जागलीचे दिवस, तेव्हा रात्री तुरीचं पानही हलत नाही. ज्या तीन महिन्यांत पंप बंदच असतो त्या तीन महिन्यांत वीज, आणि गरज असते तेव्हा शेपूट एका दिशेला करून उभं राहिलेलं यंत्र.

अपवाद आहेत. सातपुड्याचा चिखलदऱ्याकडचा कडा, बुलडाण्याचा घाटमाथा, अशा उघड्या कड्यावर ज्यांची जमीन आहे त्यांनी निदान वारा मोजून बघावा. मोजायचा म्हणजे हातात धरायच्या पंख्याने दुपारी पाच मिनिटं नाही. टॉवर जिथे रोवायचा त्याच जागी, त्याच उंचीवर, वाट्यांचा ॲनिमोमीटर आणि नोंद ठेवणारा लॉगर, पूर्ण वर्षभर. वर्ष शक्य नसेल तर निदान ऑक्टोबर ते जानेवारी, कारण खराब महिनाच खरं सांगतो. वर्षाची सरासरी ४ मीटरच्या खाली असेल तर विषय सोडा. ५ च्या वर असेल तर बोलणी सुरू करा.

विक्रेता महाराष्ट्राचा पवननकाशा दाखवेल. त्यावर उंची वाचा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे, म्हणजे एनआयडब्ल्यूईचे, क्षमतेचे अलीकडचे नकाशे १२० आणि १५० मीटरचे आहेत. तिथला वारा ९ मीटरच्या पाइपाला माहीतही नसतो. सातारा, सांगली, धुळ्याकडच्या माळांवर ज्या चक्क्या फिरताना दिसतात त्या डोंगराच्या सपाटीवर आणि कितीतरी उंच खांबांवर आहेत.

उंचीवरून आठवलं, या संचातली सगळ्यात मोठी कसर टॉवरमध्येच केलेली असते. नियम असा की १०० मीटरच्या आत जे काही सगळ्यात उंच असेल, त्याच्याही १० मीटर वर पातं असावं. धुऱ्यावरचा कडुनिंब सहज १०-१२ मीटर होतो. म्हणजे ९ मीटरचा टॉवर निंबाच्या फांदीएवढाही नाही. झाडाच्या आडोशाला येणारा वारा कमी तर असतोच, वर तो गरगरतो. यंत्र सारखं तोंड फिरवत राहतं, पाती कधी मागून मार खातात, आणि तोंड फिरवण्याच्या सांध्यातले, फिरत्या यंत्राची वीज खालच्या तारेत उतरवणारे ब्रश आणि स्लिप रिंग लवकर झिजतात. तक्रारीत ‘वारा असून चार्जिंग होत नाही’ असं जे ऐकू येतं, त्यात बऱ्याचदा हेच झिजलेले ब्रश असतात. टॉवर ९ वरून १८ मीटर केला तर मोकळ्या जागीही वीज दीडपट होते. पण त्या पाइपाचा, दोरांचा आणि पायाचा खर्च यंत्राच्या बरोबरीला जाऊ लागतो, आणि म्हणूनच संचात तो नसतो.

पाया. काळ्या जमिनीत हे प्रकरण नाजूक आहे. भारी काळी माती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात ४५ सेंटिमीटर खड्डा करून काँक्रीट ओतलं तर पहिल्याच पावसाळ्यानंतर अँकर, म्हणजे दोर बांधायचा खुंट, हलतो, एक दोर ढिला पडतो, पाइप झुकतो आणि दुसऱ्या बाजूचा दोर सगळा भार घेतो. म्हणून मधला ठोकळा आणि चारही अँकर मुरूम लागेपर्यंत खाली न्या. खड्डा भरताना काढलेली काळी माती परत टाकू नका, मुरूमच धुमसून भरा. अँकर पाइपापासून निदान ५ मीटरवर. दोर ६ मिलिमीटरचा गॅल्व्हनाइज्ड स्टीलचा, प्रत्येक टोकाला ३ क्लिप. क्लिपचा यू-बोल्ट दोराच्या सुट्या टोकावर आला पाहिजे आणि बैठक भार घेणाऱ्या दोरावर. उलटं बसवलेलं फार दिसतं, आणि उलट्या क्लिपखाली दोर चेपून तिथेच तुटतो. टर्नबकल, म्हणजे दोर ताणायचा स्क्रू, ताणून झाल्यावर त्यातून तार ओवून बांधा, नाहीतर कंपनाने तो स्वतःच उलगडतो. ताण वर्षातून दोनदा तपासायचा: मे अखेर आणि दिवाळीच्या आसपास.

गोठ्याच्या पत्र्यावर पाइप उभा करून देणारेही आहेत. नको. पत्रा रात्रभर गुणगुणतो, नटबोल्ट सुटतात, आणि छपराला आपटून वर चढणारा वारा पात्यांना सगळ्यात वाईट. उभ्या अक्षाच्या, पिंपासारख्या फिरणाऱ्या चक्क्या दिसायला छान आणि आवाजाला कमी, पण तेवढ्याच आकारात वीज आणखी कमी. त्यांच्यावर जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही.

वायर. टॉवरपासून खोलीपर्यंत ४० मीटर धरा. ४८ व्होल्टवर पूर्ण भाराला २० अँपिअर जातात. १० चौरस मिलिमीटर तांब्याची तार घातली तर रस्त्यात सुमारे ५६ वॅट जळतात. संचासोबत येणारी ४ चौरस मिलिमीटरची घातली तर १४०. आणि २४ व्होल्टचा स्वस्त संच घेऊन तीच ४ ची तार ओढली तर ४० अँपिअरला ५६० वॅट तारेतच, म्हणजे निम्म्याहून जास्त. २४ व्होल्टचा संच खोली आणि टॉवर अगदी जवळ असतील तरच.

जोडणीचा क्रम पुस्तिकेत इंग्रजीत असतो आणि बसवणारा पोरगा तो वाचत नाही. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल, आणि सगळ्यात शेवटी पवनचक्की, तीही ब्रेक लावलेल्या अवस्थेत. ब्रेक म्हणजे जनरेटरच्या तीन तारा एकमेकींना जोडणारा स्विच. तारा शॉर्ट झाल्या की चुंबक स्वतःच पात्यांना धरून ठेवतो. चक्की फिरत असताना बॅटरी कधीही सुटी करायची नाही. भार गेला की पाती मोकाट सुटतात, व्होल्टेज दुप्पट-तिप्पट चढतं आणि कंट्रोलर उडतो. बॅटरीचं गंजलेलं टर्मिनल घासायला म्हणून कुणी क्लिप काढतो आणि असं होतं. ब्रेकही सोसाट्याच्या वाऱ्यात एकदम ओढू नका. वारा मंदावला की लावा, नाहीतर जनरेटरची गुंडाळी जळते.

वादळात यंत्राने स्वतःला वाचवायचं असतं ते शेपूट दुमडून. वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की तोंड बाजूला वळतं, याला फर्लिंग म्हणतात. ती बिजागरी धुळीने आणि वाळलेल्या ग्रीसने अडकते. आपल्याकडे मे-जूनचं वावधान दहा मिनिटांत शून्यावरून ताशी ६०-७० किलोमीटरवर जातं. त्या वेळी बिजागरी अडकलेली असेल तर पातं मुळाशी चिरतं. म्हणून अक्षय तृतीयेच्या सुमारास टॉवर खाली घ्या, बिजागरी डिझेलने धुऊन नवं ग्रीस भरा, पात्यांची पुढची कड बोट फिरवून बघा. एक पातं बदलायचं झालं तर तिन्ही बदला. वजनात काही ग्रॅमचा फरक पडला तरी सगळा टॉवर थरथरतो आणि बेअरिंग त्याच वर्षी जातं. विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच: पाती आणि बेअरिंग कुठे मिळतात, आणि टॉवर खाली घ्यायला माणूस किती दिवसांत येतो? उत्तर ‘फोन करा’ एवढंच आलं तर समजून घ्या.

आभाळातल्या विजेला उघड्या वावरातला लोखंडी पाइप म्हणजे आमंत्रणच. टॉवरला स्वतंत्र अर्थिंग, ते कंट्रोलरच्या आणि बॅटरीखोलीच्या अर्थिंगशी जाड पट्टीने एकत्र जोडलेलं, आणि कंट्रोलरच्या आधी व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर. यातलं काहीच संचाच्या किमतीत नसतं.

बॅटऱ्या चक्कीच्या आधी मरतात. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, आणि टिनाच्या खोलीत मे महिन्यात पारा कुठे जातो ते सांगायला नको. पाण्याची पातळी दर १५ दिवसांनी बघायची, खोलीला दोन्ही बाजूंनी झरोके. लिथियमची घ्यायची तर लेबलावर चार्जिंगची कमाल तापमान मर्यादा बघा. अनेकांची ४५ अंशच असते, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या दुपारी ती चार्जिंगच थांबवते.

पैसे कुठे घालावेत मग? गरज रोही आणि रानडुकरांपुरती, म्हणजे झटका मशीन, दोन दिवे आणि मोबाइल एवढीच असेल तर ५० ते १०० वॅटचं पॅनल आणि एक बॅटरी पुरते. (कुंपणात २३० व्होल्ट थेट सोडणं हा याला पर्याय नाही. त्यात माणसं मरतात, आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.) गरज पंपाची असेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात, आणि ५ वर्षं दुरुस्तीची हमी. पवनचक्कीच्या संचाशी याची तुलनाच होत नाही.

कड्यावर जमीन आहे, वारा मोजलाय, आणि घ्यायचीच आहे, असं असेल तर लेबलावरचे वॅट विसरून ५ मीटर सरासरीला वर्षाची युनिटं किती, हा आकडा लेखी मागा. छोट्या पवनचक्क्यांच्या आयईसी ६१४००-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे यंत्राची तपासणी झाली आहे का, एनआयडब्ल्यूईच्या छोट्या पवनचक्क्यांच्या यादीत मॉडेल आहे का, ते विचारा. पॉवर कर्व्ह, म्हणजे कुठल्या वेगाला किती वॅट याचा आलेख, मागा आणि त्यात ११ मीटरची रेघ नाही, ४ आणि ५ मीटरची रेघ वाचा. ‘२ मीटरला सुरू होते’ हे वाक्य पाती फिरण्याबद्दल असतं, चार्जिंगबद्दल नाही. कोटेशन यंत्र, टॉवर, पाया आणि बॅटरी असं चार भागांत फोडून मागा. मग किंमत कशात आहे ते दिसतं.

ज्यांच्या वावरात ती आधीच उभी आहे त्यांनी ती भंगारात काढायची घाई करू नये. कंट्रोलर हायब्रिड असल्याने त्यालाच त्याच्या मर्यादेत आणखी पॅनल जोडता येतात आणि बॅटरी-इन्व्हर्टर कामाला लागतात. मर्यादा कंट्रोलरच्या पाटीवर अँपिअरमध्ये लिहिलेली असते. चक्की जून ते सप्टेंबर फिरू द्यावी आणि दसऱ्यानंतर ब्रेक लावून ठेवावी. हिवाळ्यात तिचं येणं बेअरिंगच्या झिजेएवढंही नसतं. आणि कायमची उतरवायचं ठरलं तर त्या ९ मीटरच्या पाइपावर कॅमेरा आणि दिवा उत्तम बसतो. उतरवताना क्रम जोडणीच्या उलटा: वारा पडलेल्या सकाळी ब्रेक, मग चक्कीच्या तारा, मग पॅनल, बॅटरी शेवटी.